ऊब लागली की

तुम्ही 13 वर्षांचे आहात आणि तुमच्या हातात दाताळं आहे.

22 एप्रिल 1970, बुधवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेलावेअर नावाचं छोटंसं शहर. देशभर आज पहिलावहिला वसुंधरा दिन साजरा होतो आहे आणि तुमच्या शाळेनं ठरवलं आहे की पुस्तकं मिटायची आणि शाळेच्या मधला चौक साफ करायचा. चारही बाजूंनी वर्ग आणि मधे उघडी जागा, आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना असायची तशी. या चौकात पक्ष्यांचे थवे वस्तीला येत असत. त्यांच्या विष्ठेनं खालची माती काळपट आणि भुसभुशीत झाली आहे. कोरडीही आहे. दाताळं ओढलं की वाळक्या पानांबरोबर धुरळा उठतो, उन्हाच्या तिरिपेत क्षणभर तरंगतो आणि कुठे गेला ते कळत नाही.

तुम्हाला मजा येते आहे. गणिताचा तास बुडाला आहे. शेजारचा मुलगा फावड्यानं माती उडवतो, तुम्ही त्याच्या अंगावर पानं टाकता. नाकात कुबट वास जातो, बंद माळा उघडल्यावर येतो तसा. दोन शिंका येतात. चौकाकडे तोंड करून बसवलेली यंत्रं बाहेरची हवा ओढून वर्गावर्गांत सोडत आहेत, त्यामुळे ज्यांनी आज झाडू हातातही धरला नाही त्यांच्या नाकातही हीच धूळ जाते आहे.

त्या धुळीतला एक कण आपण धरून ठेवू. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या 2 ते 5 भागांएवढा. तुमच्या केसाच्या जाडीवर असे 15-20 कण शेजारी शेजारी बसतील. नाकातले केस आणि घशातला चिकटा मोठी धूळ अडवतात, पण हा कण त्यांच्या तावडीत सापडत नाही. श्वासनलिका, तिच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या, आणि अगदी टोकाला द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश. तिथल्या ओलसर भिंतीवर तो जाऊन टेकतो. मघापर्यंत तो वसंतातल्या गार मातीत होता. इथे 37 अंश सेल्सिअस आहे.

त्याला ऊब लागली.

इथे थांबू या. त्याचं पुढे काय झालं ते पाहायला परत येऊच. पण तो कोण आहे हे 1970 सालच्या डॉक्टरांना माहीत होतं, आणि ते माहीत होण्यासाठी माणसांना बरीच वर्षं चाचपडावं लागलं होतं. ती वर्षं पाहिल्याशिवाय तुमच्या छातीत काय चाललं आहे ते नीट कळणार नाही. तेव्हा दाताळं भिंतीला टेकवून ठेवा आणि 65 वर्षं मागे चला.

डिसेंबर 1905, पनामा. दमट हवेनं सदरा पाठीला चिकटला आहे. अँकॉन टेकडीवरच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात तुम्ही उभे आहात. फ्रेंचांनी कालवा खणायला घेतला तेव्हा बांधलेलं हे इस्पितळ आता अमेरिकनांच्या ताब्यात आहे. डासांच्या मागे हात धुऊन लागलेल्या विल्यम गॉर्गस यांच्या माणसांनी पनामा शहरातला पीतज्वर गेल्याच महिन्यात हटवला आहे. पण मजूर मरायचे थांबलेले नाहीत. हिवताप आहे, न्यूमोनिया आहे, क्षय आहे. कॅरिबियन बेटांवरून बोटी भरभरून माणसं येतात, डोंगर फोडतात, चिखलात राबतात आणि त्यातली कितीतरी याच टेकडीवर येऊन संपतात.

शवविच्छेदनाच्या टेबलावर मार्टिनिक बेटावरचा एक सुतार आहे. वय 27. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बेटावर मॉन्त पेले ज्वालामुखी फुटला होता आणि सेंट-पिएर हे अख्खं शहर भाजून निघालं होतं. त्यातून वाचलेल्या बेटावरून हा तरुण पोटासाठी इथे आला. ताप, खंगत जाणं, मरण. त्याच्यावर वाकलेले डॉक्टर आहेत सॅम्युएल टेलर डार्लिंग, वय 33, इथल्या प्रयोगशाळेतले.

जवळ या. फुप्फुस कापलं आहे आणि त्यात सगळीकडे बारीक करड्या गाठी पसरल्या आहेत. असं फुप्फुस डार्लिंग यांनी अनेकदा पाहिलं आहे. क्षय सर्वांगात पसरला की असंच दिसतं, आणि त्याला ‘मिलिअरी’ म्हणतात ते राळ्या-वरीसारख्या भरड धान्याच्या दाण्यावरून. पण क्षयाचे जंतू रंगवायची जी रीत आहे तिनं रंगवून पाहिलं तर जंतू दिसत नाहीत. यकृत आणि प्लीहा वाढलेली आहेत. डार्लिंग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतात आणि बराच वेळ डोळा काढत नाहीत. मग तुम्हाला जागा देतात.

मोठमोठ्या पेशी, आणि त्यांच्या पोटात ठासून भरलेले गोलसर, लंबगोल ठिपके, डाळिंबाच्या कप्प्यात दाणे भरलेले असावेत तसे. प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरी रिकामी कड.

डार्लिंग यांच्या मनात या क्षणी कोणता मुलूख आहे ते सांगू? बंगाल. दोनच वर्षांपूर्वी, 1903 साली, विल्यम लीशमन यांनी कोलकात्याजवळच्या डमडम छावणीतून परतून मेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेतल्या अशाच ठिपक्यांबद्दल लिहिलं. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही ते सापडले. काळा आजाराचा परजीवी तो हाच. उष्ण देशांत काम करणारा प्रत्येक डॉक्टर आता वाढलेली प्लीहा दिसली की तोच परजीवी शोधतो. डार्लिंगही तोच शोधत आहेत. पण काळा आजाराच्या परजीवीत मुख्य केंद्रकाशेजारी काडीसारखा आणखी एक बारीक ठिपका असतो, आणि इथे तो नाही. डार्लिंग पुन्हा पुन्हा पाहतात. नाहीच.

काडी नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. पुढच्या काही महिन्यांत आणखी दोन रुग्णांत हेच सापडलं, एक मार्टिनिकचाच आणि एक पनामात बरीच वर्षं राहिलेला चिनी माणूस. 1906 साली डार्लिंग यांनी या जीवाला ‘हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम’ असं नाव दिलं. पेशींत राहणारा, हिवतापाच्या जीवासारखा, भोवती कवच असलेला. यातलं पेशींत राहणं तेवढं खरं. हिवतापाच्या जीवाशी त्याचं काही नातं नव्हतं, आणि ती पांढरी कड कवच नव्हती, रंगवताना आतला भाग आक्रसल्यामुळे सुटलेली जागा होती.

तुम्हाला आता बोलावंसं वाटतं. त्या मृतदेहातला एवढासा तुकडा बशीत ठेवा, थोडं खाद्य द्या, आणि बशी खिडकीजवळ राहू द्या तीन-चार आठवडे. पण काळाच्या या प्रवासात आपल्याला फक्त डोळे दिले आहेत. तुकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत जातात. आत जे काही जिवंत होतं ते तिथे मरतं, आणि मेलेलं कधी रूप बदलत नाही.

डार्लिंग चुकले असं मला सहजासहजी म्हणवत नाही. 1892 साली ब्युनोस आयर्समध्ये आलेहांद्रो पोसादास या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं एका सैनिकाच्या त्वचेवरच्या गाठींत मोठाले गोल जीव पाहिले होते आणि त्यांनाही तो एकपेशीय प्राणीच वाटला होता. कॅलिफोर्नियात नंतर त्याला ‘कॉक्सिडिऑइड्स’ हे नाव पडलं, कॉक्सिडिया या एकपेशीय प्राण्यांसारखा म्हणून. 1900 साली तिथल्याच डॉक्टरांनी तो वाढवून पाहिला तेव्हा नळीत पांढरी लव आली. भेसळ झाली असं आधी वाटलं होतं, पण ती लव हाच तो रोग होता. म्हणजे दोन खंडांत दोन सावध डोळ्यांनी एकच फसगत अनुभवली. दोघांनीही समोर दिसलं तेच लिहिलं. जे दिसत होतं ते त्या जीवाचं अर्धंच रूप होतं, आणि हे सांगणारं शरीराच्या आत काहीच नव्हतं.

1912च्या सुमाराला हॅम्बुर्गला एक धावती खेप करू. उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत ब्राझीलचे एन्रिके दा रोशा लिमा डार्लिंग यांच्या काचपट्ट्या आणि घोड्यांच्या एका रोगाच्या काचपट्ट्या शेजारी शेजारी ठेवतात. घोड्यांचा तो रोग बुरशीचा. ते म्हणतात, हा प्राणी नव्हे, ही बुरशी दिसते. बरोबर होतं. पण हातात काचपट्ट्याच होत्या, जिवंत काही नव्हतं. त्यांचं म्हणणं मासिकात छापून आलं आणि 20 वर्षं तिथेच राहिलं.

आता 1932. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. मंदीचे दिवस. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या इस्पितळात काही महिन्यांचं एक बाळ आहे. ताप उतरत नाही, पोट फुगलं आहे, प्लीहा हाताला लागते. एडना टॉम्पकिन्स बाळाच्या रक्ताची काचपट्टी पाहतात आणि पांढऱ्या पेशींच्या पोटात त्यांना ते दाणे दिसतात. डार्लिंग यांनी जे मेलेल्या माणसांत पाहिलं ते इथे पहिल्यांदा जिवंत माणसात ओळखलं गेलं. कॅथरिन डॉड आणि टॉम्पकिन्स यांनी हा रुग्ण नोंदवला. बाळ वाचलं नाही.

पण रक्त विल्यम डीमनब्रुन यांच्याकडे गेलं, आणि त्यांनी फॉर्मॅलिनची बरणी उघडली नाही.

त्यांच्या टेबलाजवळ उभे राहा. घाई करू नका, इथे आठवड्यांच्या हिशेबानं काम चालतं. काही नळ्या त्यांनी साध्या खोलीच्या तापमानाला ठेवल्या आहेत. काही नळ्यांत रक्त घातलेलं आगर आहे आणि त्या ऊबपेटीत, 37 अंशांना. दिवस जातात. मग खोलीतल्या नळीत आगरावर पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी उगवतं. आधी शुभ्र, पुढे पिवळट. पावसाळ्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरीवर चढते तशी लव. त्यातला एक तंतू उचलून काचेखाली पाहा. लांब, फांद्या फुटलेले धागे, त्यांच्या देठांवर काही बारके बीजाणू आणि काही मोठे, गोल, अंगभर बोंडं फुटलेले. कदंबाचं फूल पाहिलं असेल तर ते रूप तुम्हाला लगेच ओळखू येईल.

ऊबपेटीतली नळी काढा. इथे कापूस नाही. लोण्याचा पातळ हात फिरवल्यासारखा मलईदार थर आहे. काचेखाली ना धागा, ना कदंब. लहान लंबगोल पेशी, एकीच्या टोकाला दुसरीची कळी. पाव फुगवणारं यीस्ट असतं तसं यीस्ट. पनामातल्या सुताराच्या फुप्फुसात होते तेच ठिपके.

आता जे डीमनब्रुन करतात ते नीट पाहा, कारण सगळी गोष्ट इथे आहे. कापसातला चिमूटभर भाग ते रक्ताच्या आगरावर ठेवून ऊबपेटीत सारतात, आणि त्याचं यीस्ट होतं. ते यीस्ट खोलीत आणून ठेवतात, आणि त्यातून पुन्हा धागे फुटतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुत्र्याच्या पिल्लांना, माकडांना टोचलं तर त्यांच्या अंगात दाणे सापडतात आणि त्या दाण्यांतून नळीत परत कापूस उगवतो. 1934 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आयोवात हान्समन आणि शेंकन यांनाही त्याच सुमारास अशीच बुरशी मिळाली होती.

आपल्या रोजच्या जगात ही दोन रूपं वेगवेगळ्या जीवांची असतात. पावाच्या लादीवर चौथ्या दिवशी दिसणारी हिरवट बुरशी एक, आणि तोच पाव भट्टीआधी फुगवणारं यीस्ट दुसरं. दोघं एकाच विशाल कुळातली, पण एकाचं दुसरं होत नाही. हिस्टोप्लाझ्मा दोन्ही आहे, आणि कधी कोण व्हायचं ते तो बाहेरच्या तापमानावरून ठरवतो. बुरशीच्या दीडेक लाख प्रजातींना नावं मिळाली आहेत, पण माणसाला आजारी पाडणाऱ्या जेमतेम काही शे. याचं एक मोठं कारण आपली ऊब. 37 अंशांना बहुतेक बुरशा हतबल होतात. आपलं शरीर नुसतं गरम असण्यानंच आपलं केवढं रक्षण करतं हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. हिस्टोप्लाझ्मासारख्या मोजक्या जीवांना मात्र तीच ऊब म्हणजे रूप बदलायची खूण.

(2021 साली महाराष्ट्रात ज्या काळ्या बुरशीनं घराघरांत भीती शिरवली ती म्युकर, या जातीची नव्हे. म्युकर शरीरात शिरल्यावरही धागाच राहतो आणि रक्तवाहिन्यांत घुसतो. कॅन्डिडाचं आणखी वेगळं: तोंडात-आतड्यात तो यीस्ट म्हणून गुण्यागोविंदानं राहतो आणि ऊतींत घुसायचं झालं की धागे काढतो. एकाच शब्दाखाली आपण किती निरनिराळी वागणूक कोंबतो, ते लक्षात असू द्या.)

1945. क्ष-किरणांची अंधारी खोली, नॅशव्हिलच. डॉ. अमोस क्रिस्टी आणि त्यांचे सहकारी पीटरसन फिल्मा उजेडासमोर धरून पाहत आहेत. मुलं धडधाकट आहेत, पण त्यांच्या फुप्फुसांत पांढरे, चुन्याचे ठिपके. अशा ठिपक्यांचा अर्थ तोवर ठरलेला होता: क्षय होऊन गेला. पण या मुलांची ट्युबरक्युलिन चाचणी कोरी येते आहे. मग त्यांनी हिस्टोप्लाझ्माच्या अर्कानं तशीच चाचणी केली आणि हातावर गांधी उठल्या. त्याच वर्षी कॅरल पामर यांना परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींत हेच दिसलं. पुढे नौदलात भरती होणाऱ्या लाखो तरुणांच्या हातावर चाचण्या झाल्या तेव्हा ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांतल्या काही भागांत 80 टक्क्यांहून जास्त लोकांना ही बुरशी कधी ना कधी चाटून गेल्याचं निघालं. बहुतेकांना पत्ताही लागला नव्हता. आणि ज्यांना आजार जडला होता त्यांतले कित्येक क्षयरोगी म्हणून क्षयरोग्यांच्या इस्पितळांत पडून होते.

मग ती येते कुठून? एका माणसाकडून दुसऱ्याला ती होत नाही. उत्तर 1949 साली चेस्टर एमन्स यांनी छापलं. व्हर्जिनियातल्या एका शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्याच्या कडेला उंदराच्या बिळाजवळची माती. त्या मातीत कापूस होता. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा तीन-चार अंशांनी गरम, तिथे या बुरशीचा निभाव लागत नाही, म्हणून कोंबड्या ठणठणीत. त्यांची विष्ठा मात्र तिला खतासारखी मानवते. वटवाघळांना ती होते, आणि गुहांतल्या त्यांच्या विष्ठेच्या थरांत तिचं पीक येतं.

चला, आता परत. 1970, तुमचं फुप्फुस, तो कण. कदंब नव्हे, त्याचा बारका भाऊ. मोठा असता तर वाटेतच अडला असता.

ऊब लागल्यावर आत काय होतं, याचा बराचसा तपशील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉर्ज कोबायाशी, जेरल्ड मेडॉफ आणि इटलीहून आलेले ब्रुनो मारेस्का यांनी पुढच्या वर्षांत उलगडला. नळीतल्या धाग्यांना 25 वरून 37 अंशांना नेलं की काही तासांत त्यांचा श्वास मंदावतो. ऊर्जा तयार होणं जवळपास थांबतं. उष्णतेच्या तडाख्यात वापरायची प्रथिनं बनू लागतात, बाकी कामं बंद. मग चार ते सहा दिवस काहीच नाही. वाढ नाही, श्वास नाहीच म्हणा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, मेलं. त्यानंतर गंधक असलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल मिळालं की श्वास पुन्हा सुरू होतो, आणि जो उठतो तो धागा नसतो.

मला हे शांत दिवस सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतात. सुरवंट कोशात असतो तेव्हा आपण त्याला मेला म्हणत नाही, कारण फुलपाखरू आपण पाहिलेलं असतं. या जीवाचं फुलपाखरू डोळ्यांना दिसत नाही, आणि ते आपल्याच छातीत उघडतं.

भिंत बदलते. बुरशीच्या पेशीची भिंत ज्या बीटा-ग्लुकनची असते त्याची आपल्या रक्षक पेशींना पक्की ओळख आहे. यीस्टच्या रूपात हिस्टोप्लाझ्मा त्याच्यावर अल्फा-ग्लुकनची चादर ओढून घेतो. मॅक्रोफेज नावाची तुमची रक्षक पेशी येते. तिचं कामच गिळायचं. ती यीस्टला गिळते, पोटातल्या पिशवीत घालते आणि ती पिशवी आम्लानं भरू लागते. बहुतेक जंतू इथे संपतात. हे यीस्ट ती पिशवी पुरेशी आंबटच होऊ देत नाही. तिथेच बसतं, तिथेच कळी काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार. डाळिंबाचा कप्पा भरत जातो. आणि मॅक्रोफेज एका जागी बसून राहत नाही. ती लसिकाग्रंथींत जाते, रक्तातून प्लीहेत जाते, यकृतात जाते. ज्याला मारायला आली त्यालाच पोटात घेऊन हिंडते. पनामातल्या सुताराच्या अंगात हेच चाललं होतं, शेवटपर्यंत.

रूप बदललं नाही तर काय झालं असतं? हा प्रश्न मेडॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष विचारला. 1986 साली त्यांनी पाऱ्याच्या एका संयुगानं धाग्यांतल्या गंधकाच्या टोकांना असं अडकवलं की 37 अंशांनाही ते धागेच राहिले. जिवंत, वाढणारे, पण धागे. ते उंदरांना टोचले. उंदरांना रोग झाला नाही. 2006 साली विस्कॉन्सिनमध्ये ब्रूस क्लाइन यांच्या गटानं तेच एका जनुकापाशी आणून दाखवलं. डीआरके-1 नावाचं प्रथिन या बुरशीत आणि तिच्या नात्यातल्या ब्लास्टोमायसिसमध्ये बाहेरच्या जगाची वर्दी आत पोहोचवतं. ते गप्प केलं तर ऊब लागूनही बुरशीला ती कळत नाही. ती धागाच राहते आणि उंदीर आजारी पडत नाही. जीव तोच, मात्राही तेवढीच, फक्त रूप अडवलं.

मे महिन्याचा पहिला आठवडा. तुम्ही अंथरुणात आहात. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, श्वास घेताना छातीत दुखतं. आई कपाळावर हात ठेवते. शाळेतले बाक रिकामे पडत आहेत. चौक साफ करून दोन आठवडे झाले, आणि सुमारे 400 मुलं अशीच घरोघर निजलेली आहेत. ज्यांनी दाताळं धरलं ती आणि ज्यांनी धरलं नाही तीही. कोरडी माती झाडण्याआधी तिच्यावर पाणी मारायला हवं होतं, एवढीच ती गोष्ट होती. आज अशा जागा साफ करणाऱ्यांना पहिली सूचना तीच दिली जाते.

आतमध्ये मात्र आता तुमच्या टी-पेशी जाग्या झाल्या आहेत. त्यांचा निरोप मिळाला की त्याच भोळ्या मॅक्रोफेज पेशी बदलतात, पोटातल्या यीस्टला लोह आणि जस्त मिळू देत नाहीत, त्याच्याभोवती घोळका करून भिंत रचतात. ताप उतरतो. भूक लागते. जूनमध्ये तुम्ही पुन्हा सायकलवर.

सगळ्यांचं असं होत नाही, म्हणून एक मुक्काम राहिला आहे. 1954, कोलकाता. पांजा आणि सेन हे डॉक्टर भारतातला हिस्टोप्लाझ्माचा पहिला रुग्ण नोंदवत आहेत. डार्लिंग पनामात बसून बंगालचा आजार शोधत होते आणि हाती लागला हा, आणि हाही बंगालमध्ये होताच. 1970च्या दशकात गंगेच्या मैदानातल्या मातीतूनही तो मिळाला. आपल्या देशात या रोगाची पंचाईत अशी की तो क्षयासारखा दिसतो आणि क्षय इथे घरोघर आहे. ताप, वजन उतरणं, फुप्फुसात सावल्या म्हटलं की क्षयाची औषधं सुरू होतात. महिने जातात. रुग्ण उतरत जातो. मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ग्रंथी फुगलेल्या दिसल्या आणि कोणी तिथला तुकडा तपासायला पाठवला, तर मॅक्रोफेजच्या पोटातले ते दाणे दिसतात. अ‍ॅम्फोटेरिसिन आहे, इट्राकोनॅझोल आहे, माणूस वाचू शकतो. एचआयव्हीमुळे ज्यांच्या टी-पेशी उरल्या नाहीत त्यांना थांबायला वेळ नसतो. माझ्या जिवाला लागतं ते हे, की ज्याला पाहायला डीमनब्रुन यांनी दोन नळ्या वापरल्या त्याला न ओळखल्यामुळे 21व्या शतकातही माणसं चुकीच्या गोळ्या गिळत झिजतात. बुरशीची तपासणी मागणारा एक शब्द चिठ्ठीवर लिहिला असता तर काम झालं असतं.

आता शेवटची उडी. तुम्ही 60 वर्षांचे आहात. ओहायो कधीच सुटलं. समुद्रकाठच्या एका शहरात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी छातीचा फोटो काढला आहे. तरुण डॉक्टर फोटो पडद्यावर मोठा करतात. उजव्या फुप्फुसात, बरगडीच्या आड, खसखशीच्या दाण्यांसारखे दोन पांढरेशुभ्र ठिपके. कडा नीट, चुना घट्ट बसलेला.

“लहानपणी टीबी झाला होता का तुम्हाला?” ते विचारतात.

“नाही,” तुम्ही म्हणता. “आमच्या शाळेत एक चौक होता.”